घराला हात लावण्याआधी नकाशा काढा

घराच्या आतल्या कामावर बारा-पंधरा लाख रुपये घातले, मग कर्जासाठी मूल्यांकन करून घेतले, तर आकडा शेजारच्या जुन्या फरशीच्या फ्लॅटइतकाच आला, अशी तक्रार वाचकांकडून वारंवार येते. उलटी तक्रारही तितकीच नेहमीची आहे. घरात एक वीटही लावली नाही, फक्त पुढच्या खोलीत शिकवण्या सुरू केल्या, आणि घरपट्टीचे बिल वाढून आले. पहिल्याला वाटते मूल्यांकनकाराने अन्याय केला, दुसऱ्याला वाटते पालिकेने. बहुतेक वेळा दोघांचीही समजूत चुकीची असते. घराची किंमत एकच असते आणि घरावर केलेला प्रत्येक खर्च तिच्यात आपोआप मिळवला जातो, असे आपण गृहीत धरलेले असते. या लेखात एवढेच सांगायचे आहे की कर तुमच्या प्रत्यक्ष वापरावर बसतो, पण किंमत मंजूर नकाशावर आणि मंजूर वापरावर ठरते. दोन्हींत अंतर पडले की कर वाढतो आणि किंमत मात्र तिथेच राहते, कधी खालीही येते. म्हणून काम काढण्याआधी फरशीच्या दुकानात जाऊ नका. आधी मंजूर नकाशाची प्रत मिळवा.

एकाच घराच्या चार किमती

तुमच्या घराकडे चार वेगवेगळे डोळे चार कारणांसाठी पाहतात. कोणत्या कामाने कोणती किंमत हलते हे कळले की निम्मा गोंधळ संपतो.

- सरकारी मूल्य: नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, म्हणजे रेडी रेकनर. त्यात विभाग, वापराचा प्रकार, क्षेत्र, इमारतीचे वय, मजला आणि लिफ्ट एवढ्याच गोष्टी येतात. आत इटालियन मार्बल आहे की शहाबादी फरशी, हे या तक्त्याला ठाऊक नसते.
- पालिकेचे करमूल्य: मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर, तर पुण्यात अजूनही वार्षिक भाड्यावर आधारलेल्या करपात्र मूल्यावर. इथे प्रत्यक्ष वापर आणि प्रत्यक्ष बांधकाम पाहिले जाते.
- बँकेचे मूल्य: बँकेच्या यादीवरील मूल्यांकनकार देतो ते. त्याच्या अहवालात सहसा बाजारमूल्याखाली आणखी दोन आकडे असतात: प्रत्यक्षात हाती येऊ शकेल ते मूल्य आणि घाईने विकावे लागले तर येणारे मूल्य.
- गिऱ्हाइकाची किंमत: समोरचा माणूस त्या दिवशी जे द्यायला तयार आहे ती.

नूतनीकरणाचा थेट परिणाम होतो तो बहुतेक करून चौथ्या किमतीवर. पहिलीवर जवळजवळ शून्य, दुसरीवर फक्त वापर किंवा क्षेत्र बदलले तर. आणि तिसरीवर किती होतो, हाच खरा वादाचा मुद्दा आहे.

बँकेचा माणूस काय मोजतो

मूल्यांकनकार घरात येतो तेव्हा त्याच्या हातात खरेदीखत, इंडेक्स टू, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र असते, किंवा असायला हवे. तो टेप किंवा लेझर मीटर लावून खोल्या मोजतो, पण ते मोजमाप किंमत वाढवण्यासाठी नसते. कागदावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र जुळते का, हे तपासण्यासाठी असते. जागेवर जास्त निघाले तर साधारणपणे कागदावरचे धरले जाते, आणि जागेवर कमी निघाले तर जागेवरचे. फ्लॅटच्या बाबतीत त्याची मुख्य पद्धत तुलनेची असते: त्याच इमारतीत किंवा त्याच गल्लीत अलीकडे झालेल्या व्यवहारांचा दर काढायचा आणि मजला, दिशा, पार्किंग, देखभाल यांनुसार थोडा वर-खाली करायचा. तुमचे मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग या शेवटच्या 'थोड्या'मध्ये बसते. ते सगळे काही वर्षांत जुने होते, पुढच्या मालकाला आवडेलच असे नसते आणि कर्ज बुडाले तर लिलावात त्याचे वेगळे पैसे येत नाहीत. तारणाचा विचार करणाऱ्या बँकेने त्याला हात राखून भाव दिला, तर त्यात अन्याय काही नाही.

कोणत्या कामाने हा आकडा हलतो? ज्या कामामुळे मूल्यांकनकाराला वजावट करता येत नाही, त्या कामाने. छताला ओल, स्लॅबच्या खालचे प्लास्टर सुटलेले, सळया गंजून दिसणाऱ्या, संडास-बाथरूममधून खालच्या घरात गळती, जुने ॲल्युमिनियमचे वायरिंग: अहवालात यांतली एकेक नोंद दर खाली ओढते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मर्यादित पैसे असतील तर ते आधी वॉटरप्रूफिंग, नळजोडणी, वायरिंग आणि खिडक्यांवर घाला. दिखाऊ काम नंतर. गंमत अशी की हीच कामे पूर्ण झाल्यावर कोणाला दिसत नाहीत, म्हणून कंत्राटदारही ती सुचवायला उत्सुक नसतो.

बंगल्याचे गणित वेगळे

बंगला, रो हाउस किंवा वाडा असेल तर जमीन आणि बांधकाम यांचे मूल्य वेगवेगळे काढून बेरीज करतात. इथे नूतनीकरण आकड्यात दिसू शकते, पण किती, ते एका कल्पित उदाहरणाने पाहा. जमिनीचे मूल्य 70 लाख. बांधकाम 1,500 चौरस फूट, नव्याने बांधायचा खर्च चौरस फुटाला 2,000 रुपये धरला तर 30 लाख. आरसीसी इमारतीचे आयुष्य 60 वर्षे आणि शेवटी उरणारी किंमत 10 टक्के धरण्याचा प्रघात आहे. घर 30 वर्षांचे असेल तर घसारा 45 टक्के, म्हणजे बांधकामाचे मूल्य साडेसोळा लाख. आता तुम्ही 12 लाख खर्चून कॉलम-बीमची दुरुस्ती, गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि नवी नळजोडणी केली, आणि अभियंत्याच्या दाखल्याच्या आधारे मूल्यांकनकाराने घराचे परिणामी वय 20 वर्षे मानले. घसारा 30 टक्क्यांवर येतो, बांधकाम 21 लाखांचे होते. वाढ साडेचार लाखांची.

12 लाख घालून साडेचार वाढले, हे वाचून निराश होण्याआधी दुसरी बाजू पाहा. तेवढेच 12 लाख केवळ लाकूडकाम आणि दिव्यांवर घातले असते तर घसारा 45 टक्केच राहिला असता. आयुष्य वाढवणारा खर्च काही प्रमाणात तरी मोजला जातो. रूप वाढवणारा जवळजवळ नाही. आणि आयुष्य वाढल्याचा पुरावा मूल्यांकनकाराला डोळ्यांनी दिसत नाही, तो अभियंत्याच्या दाखल्यात आणि कामाच्या बिलांत असतो. ते कागद तुम्हीच त्याच्यापुढे ठेवले पाहिजेत.

बाल्कनी, गच्ची आणि जोडलेले फ्लॅट

बाल्कनी बंद करून खोली मोठी केली की घर वाढले असे वाटते. रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरतात, पण त्या घरापुरती असलेली बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणजे नकाशात उघडी दाखवलेली बाल्कनी तुम्ही काच लावून बंद केली तरी कागदावरचे चटई क्षेत्र एक चौरस फूटही वाढत नाही. काही जुन्या इमारतींत अधिमूल्य भरून बाल्कनी रीतसर बंद केलेली असते आणि तसे नकाशातच नोंदलेले असते. तिथे प्रश्न नाही. त्यामुळे 'समोरच्याची बंद आहे' एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. दोघांच्या बाल्कन्या दिसायला सारख्या आणि कागदावर वेगळ्या असू शकतात.

"इमारतीत सगळ्यांनीच बंद केल्या आहेत, कोणाचे काय झाले?" हा आक्षेप खरा आहे, पुष्कळदा काहीच होत नाही. पण इथे प्रश्न कारवाई होईल का हा नाही, किंमत वाढेल का हा आहे, आणि त्याचे उत्तर नकारार्थी आहे. शिवाय कारवाई झाली नाही म्हणजे धोका संपला असेही नाही. तो विक्रीच्या वेळी खरेदीदाराच्या वकिलाच्या पत्रात उगवतो, तोही विसार घेऊन झाल्यावर.

दोन लगतचे फ्लॅट जोडताना तर तिहेरी विचार करा. मधली भिंत पाडायला संरचना अभियंत्याचा दाखला, पालिकेची परवानगी आणि सोसायटीची संमती लागते. जुन्या भारवाही भिंतींच्या इमारतीत तीच भिंत वरचे मजले तोलत असते, हे विसरू नका. दुसरे, मोठ्या घराला गिऱ्हाइके कमी असतात, म्हणून जोडलेल्या घराचा चौरस फुटाचा दर सुट्या दोन घरांपेक्षा जास्त येईलच असे नाही. तिसरे करांचे: मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता करात माफी आहे. 450 फुटांची दोन घरे पालिकेच्या दफ्तरी 900 फुटांचे एक घर झाली, तर ते माफीच्या मर्यादेबाहेर जाते.

वापर बदलला की काय बदलते

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियमात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कलम 43 नुसार केवळ आतल्या भागापुरत्या दुरुस्ती-सुधारणेला, बाहेरचे रूप फारसे बदलत नसेल तर, नियोजन परवानगी लागत नाही. वारसा इमारतींची गोष्ट वेगळी. पण त्याच कायद्यात वापरातला लक्षणीय बदल हा 'विकास' मानला आहे आणि त्याला परवानगी लागते. म्हणजे पूर्ण घराची फरशी उखडणे कायद्याला तितकेसे खटकत नाही. एकही खिळा न ठोकता घराचे दुकान करणे खटकते. घरमालकांची सहजसमज नेमकी याच्या उलट असते.

तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये ब्यूटी पार्लर, क्लास किंवा गोदाम सुरू झाले की पालिका प्रत्यक्ष वापर पाहून बिगरनिवासी दराने आकारणी करू शकते, आणि वीज कंपनी व्यापारी दर लावू शकते. विकताना मात्र "हे दुकान आहे, दुकानाचा भाव द्या" म्हणता येत नाही, कारण मंजूर नकाशात ते राहते घर आहे. बँक त्याला घराच्याच भावाने मोजते, शिवाय अहवालात 'मंजुरीविरुद्ध वापर' असा शेरा येतो आणि गृहकर्ज अडते. बिगरनिवासी कर भरतो म्हणजे बिगरनिवासी वापर मान्य झाला, हा गैरसमज अनेकांना महागात पडतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील अनधिकृत बांधकामावरच्या शास्तीची तरतूदच सांगते की कर आणि शास्ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये 2023 साली शास्तीकर माफ झाला तेव्हा अनेकांना घरे अधिकृत झाल्यासारखे वाटले. माफ झाला होता तो दंड.

सर्वोच्च न्यायालयाचा 17 डिसेंबर 2024 चा निकाल इथे महत्त्वाचा आहे. प्रकरण मेरठच्या शास्त्रीनगरातले, निवासी भूखंडावर उभ्या केलेल्या व्यापारी बांधकामाचे. न्यायालयाने ते पाडण्याचा आदेश कायम ठेवलाच, पण देशभरासाठी निर्देशही दिले: इमारत तारण घेऊन कर्ज देताना बँकांनी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासूनच कर्ज द्यावे, आणि अनधिकृत इमारतीत व्यवसायाचे परवाने देऊ नयेत. वर्षानुवर्षे चालले म्हणून ते नियमित होत नाही, ही भूमिका न्यायालयाने पुन्हा ठाम केली. बँका आता कागद अधिक काटेकोरपणे मागतात, त्याचे हे एक कारण.

रीतसर मार्ग आहेत. राहत्या घराच्या काही भागात त्याच घरात राहणाऱ्या डॉक्टर, वकील, सनदी लेखापालाने व्यवसाय करायला विकास नियंत्रण नियमावली क्षेत्राच्या मर्यादेत मुभा देते. तुमच्या शहराला मुंबईची 2034 ची नियमावली लागू आहे की उर्वरित राज्याची 2020 ची एकत्रित नियमावली, ते पाहून मर्यादा तपासा. पूर्ण वापर बदलायचा असेल तर रस्त्याची रुंदी, पार्किंग आणि सोसायटीची संमती या तीन अटींवर अर्ज बहुधा अडतात. त्या पुऱ्या होत असतील आणि परवानगी मिळाली, तर मात्र कर वाढला तरी किंमतही खरोखर वाढते. वापर बदलून फायदा होतो तो एवढ्या एकाच वाटेने.

स्वतः राहणे सोडून घर भाड्याने देणे हाही कराच्या दृष्टीने बदलच आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्यांना करपात्र मूल्यात मिळणारी 40 टक्के सवलत भाडेकरू ठेवल्यावर लागू राहत नाही.

'पण गिऱ्हाईक तर जास्त पैसे देते'

देते, काही वेळा. तयार घर लवकर विकले जाते, हेही खरे. पण गिऱ्हाईक बहुधा कर्ज काढूनच येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते. तुम्ही सजवलेल्या घराचे 90 लाख मागितले आणि बँकेने मूल्य 80 लाख काढले, तर कर्ज 64 लाखांचे. खरेदीदाराला खिशातून 18 ऐवजी 26 लाख घालावे लागतात, मुद्रांक शुल्क वेगळेच. बोलणी मोडतात ती इथे. यावर फर्निचरचा स्वतंत्र करार करून वरचे पैसे दाखवण्याची युक्ती दलाल सुचवतात. खरोखरच फर्निचर असेल आणि रक्कम वाजवी असेल तर हरकत नाही; पण मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या मूल्याखाली जात नाही आणि खरेदीदाराचे कर्ज आणखी कमी होते, हे दोघांनीही समजून घ्या.

इमारत जुनी असेल तर

चाळीस वर्षांच्या, पुनर्विकासाची चर्चा सुरू असलेल्या सोसायटीत महागडे नूतनीकरण करू नका, असेच सांगावेसे वाटते. तिथे फ्लॅटची किंमत नव्या इमारतीत किती क्षेत्र मिळणार यावर ठरते, आणि विकासकाशी बोलणी अधिकृत क्षेत्रावर होतात. आतली सजावट पाडकामात जाते. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतींची संरचना तपासणी दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांपुढच्यांची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. तुमच्या सोसायटीचा शेवटचा अहवाल मागून वाचा, मगच सुताराला बोलवा.

गावठाणातल्या घराला वाढीव खोली बांधली असेल तर ती ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये नोंदवून घ्या. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाली असेल तर हद्द तिच्याशी जुळते का पाहा. नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

खर्च थेट मोजला जातो ती दोन ठिकाणे

पहिले ठिकाण प्राप्तिकर. घर विकताना भांडवली नफा काढताना सुधारणेचा खर्च वजा होतो, मग बँकेने त्याला भाव दिला असो वा नसो. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीवर दीर्घकालीन नफ्याला महागाई निर्देशांकाविना 12.5 टक्के दर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना निर्देशांकासह 20 टक्क्यांनी काढलेला कर कमी येत असेल तर तेवढाच भरण्याची मुभा आहे. परदेशस्थ मराठी माणसांनी नीट पाहावे: अनिवासींना ही मुभा नाही. 1 एप्रिल 2001 पूर्वीचा सुधारणा खर्च धरला जात नाही. रंगरंगोटीसारखी नेहमीची डागडुजी आणि हलवता येणारे फर्निचर यात बसत नाही. रोखीने, बिलाविना केलेले काम तर कुठेच बसत नाही. कंत्राटदाराने जीएसटी वाचवून दिल्याचा आनंद इथे फिटतो.

दुसरे ठिकाण घराचा विमा. तो पुन्हा बांधण्याच्या खर्चावर काढतात, म्हणून मोठे काम झाल्यावर विम्याची रक्कम वाढवून घ्या.

काम काढण्याआधी

- मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र शोधा. सोसायटीकडे नसेल तर पालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.
- कॉलम, बीम, स्लॅब, भारवाही भिंत यांना धक्का लागणार असेल तर लेखी दाखल्याशिवाय हातोडा चालवू देऊ नका.
- सोसायटीचे ना हरकत पत्र म्हणजे पालिकेची परवानगी नव्हे. दोन्ही वेगळी मागा.
- घर तारण असेल तर बँकेला आधी लेखी कळवा.
- पैसे बँकेतून द्या. बिले, करार आणि कामाआधीची-नंतरची छायाचित्रे एकत्र ठेवा.

आकडा पटला नाही तर

बँकेच्या मूल्यांकनाचे शुल्क बहुधा तुम्हीच भरलेले असते, तेव्हा अहवालाची प्रत मागा. क्षेत्र, वय, मजला यांत चूक असेल तर कागद लावून दुरुस्तीची मागणी करा. "भाव कमी लावला" एवढी तक्रार सहसा टिकत नाही. करवाढीची नोटीस आली तर तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवा, कारण मुदत गेली की पुढची वाट लांबते. मुद्रांक शुल्काबद्दल शंका असेल तर दस्त करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करता येतो. विक्रीची रक्कम रेडी रेकनरपेक्षा कमी असेल आणि फरक 10 टक्क्यांच्या सवलतीत बसत नसेल, तर प्राप्तिकर अधिकाऱ्याला प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची विनंती करा. घराची ओल, तडे, जुनेपण तिथे ऐकून घेतले जाते. विक्रीआधीच नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून अहवाल आणि छायाचित्रे घेऊन ठेवली असतील तर हे काम सोपे होते; नव्या मालकाने रंग लावल्यावर तो पुरावा मिळत नाही.